आपल्याले दाखवतात

सागरने शटर अर्ध्यावर उचलले आणि तो तसाच वाकून उभा राहिला. तेल्हाऱ्याच्या त्या अरुंद दुकानात सकाळ नेहमी खालून येई. आधी उंबऱ्याशी साचलेली धूळ उजळे, मग फरशीच्या फटी आणि त्यांत अडकलेले फ्लेक्सचे चकचकीत काप, मग छपाईयंत्राचे लोखंडी पाय. उजेडाला घाई नसे. एखादा संकोची पाहुणा दारात चपला काढतो, आत डोकावतो आणि कोणी ‘या’ म्हणेपर्यंत पुढचे पाऊल टाकत नाही, तसा तो यायचा. भिंतीशी उभ्या केलेल्या पांढऱ्या गुंडाळ्यांपाशी पोचला की त्या त्याला परत फेकत, आणि छतावर एक फिकट पट्टी उमटे. रस्त्याने दुधाची गाडी गेली की पट्टी थरथरे. गाडी गेल्यावर पुन्हा निवे. यात नवल वाटावे असे काहीच नव्हते. पण आपण पाहिले नाही तर ही पट्टी कोणीच पाहणार नाही, असे सागरला वाटे, आणि दुकान उघडायला रोज थोडा उशीर होई.

उजेड टेबलाच्या कडेला टेकला तेव्हा त्याने शटर पूर्ण वर ढकलले आणि संगणक सुरू केला. काल अर्धवट सोडलेला फलक पडद्यावर आला. डावीकडे काळ्या लांब कोटातला, पावसात भिजलेला, हातात पिस्तूल घेतलेला सिनेमाचा नायक. उजवीकडे मोकळी जागा. वरती लाल अक्षरांत गावातल्या मंडळाच्या किशोरने सांगितलेला मजकूर होता: ‘अन्यायाला ज्याने उत्तर दिले, त्या वाघाचा भव्य सत्कार.’ खाली मंडळाच्या पोरांचे चष्मे लावलेले गोल चेहरे. मोकळी जागा चंद्रभानकाकांची होती.

काका गेल्या आठवड्यात अमरावतीच्या कारागृहातून जन्मठेप भोगून घरी आले होते. ते गेले तेव्हा सागर दुसरीत होता. हिवरखेडच्या शाळेत हा अंगाने काटकुळा आणि बोलताना मान खाली घालणारा मुलगा कोणाच्याही तडाख्यात सापडला असता. पण त्याला कधी कोणी हात लावला नाही. ‘चंद्रभानचा पुतण्या हाये तो,’ एवढे पुरे असे. ऐन दसऱ्याच्या तोंडावर घरचा झेंडूचा मळा एका रात्रीतून जळाला, तो देवीदासने तणनाशक मारून जाळला, मळा पाहून आजोबा, जानराव, धुऱ्याच्या बांधावरच कोसळले ते उठले नाहीत, आणि तेराव्यानंतर काकांनी देवीदासला भर बाजारात, नाव घेऊन हाक मारून मारले, ही कथा सागरने इतक्यांदा ऐकली आणि सांगितली होती की तिच्यातला कोणता शब्द कोणाचा, हे आता सांगता आले नसते. रात्री झोप येत नसली की तो ती स्वतःलाच सांगे. त्या कथेत काका नेहमी उजेडाकडे पाठ करून उभे असत. त्यांचा चेहरा दिसत नसे, नुसते खांदे दिसत.

आता त्यांचा चेहराच शोधायचा होता. घरात काकांचा एकच फोटो होता, जत्रेत काढलेला. मागे रंगवलेला महाल आणि कारंजे. पुढे दोन तरुण, चौकटीच्या शर्टांत, केस ओले करून विंचरलेले. एक काका. दुसरा देवीदास. अकोल्याच्या फूलबाजारात दोघे मिळून माल नेत तेव्हाचा. पुढे विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांचे बिनसले, आणि ‘पाह्यतोच तुमचा झेंडू या दसऱ्याले’ असे देवीदास चारचौघांत बोलून गेला. फोटोत मात्र तो हसत होता, आणि त्याचा उजवा हात काकांच्या खांद्यावर होता.

देवीदासला कापणे सोपे गेले. हात राहिला. खांद्यावर चार बोटे आणि एक तांब्याची अंगठी. सागरने काकांच्या दुसऱ्या बाहीवरच्या चौकटी उचलून एकेका बोटावर ठेवायला सुरुवात केली. करंगळी गेली. अंगठी गेली. निळी रेघ निळ्या रेघेला जुळेपर्यंत तो श्वास रोखून बसला. शेवटचे बोट गेले तेव्हा खांदा थोडा उतरल्यासारखा दिसला. त्याने तो उचलून सरळ केला.

“आत येऊ का?”

दारात काका उभे होते. सागरच्या वडिलांचा, वामनरावांचा, पांढरा सदरा त्यांना ढगळ होत होता. कोणत्याही दाराशी आल्यावर ते असेच थांबत, घरच्या दाराशीसुद्धा, आणि कोणी बोलावीपर्यंत हलत नसत.

“या ना काका. विचारता कायले? बसा.”

काका बसले नाहीत. टेबलाजवळ येऊन, हात मागे बांधून, ते पडद्याकडे पाहू लागले.

“हा मी हाये?”

“हो.”

“आन हा?”

“सिनेमातला. आज आपण ज्याले पाह्याले चाललो ना अकोल्याले, तो. सुपारी घेऊन मारते. पण वाईट माणसाइलेच.” सागरचे कान गरम झाले. “पोट्ट्याइले लय आवडते. किशोर म्हणे, काका त्याच्याच बाजूले शोभतात.”

काकांनी नायकाकडे पाहिले, मग स्वतःकडे. त्यांची नजर खांद्यावर थांबली.

“इथं देवीदासचा हात होता.”

सागर टेबलावरची धूळ पुसू लागला.

“होता ना?”

“काढला.”

“काढता येते?” काका खाली वाकले. आवाजात राग नव्हता. जत्रेत पहिल्यांदा पाळणा पाहणाऱ्या माणसाचा असतो, तसा तो आवाज होता. “शर्ट फाटला नाही, काही नाही. कसा काढला? दाखव.”

सागरने कळ दाबून एकेक पायरी मागे घेतली. पहिले बोट परत आले. मग दुसरे. मग अंगठी. हात पूर्ण खांद्यावर येऊन बसला तेव्हा काकांनी नकळत स्वतःचा खांदा किंचित हलवला. मग सागरने पायऱ्या पुढे नेल्या, आणि हात पुन्हा नाहीसा झाला.

“अजून एक डाव दाखव.”

त्याने दाखवले. काका तोंड किंचित उघडे ठेवून पाहत राहिले. बाहेर कोणीतरी दुचाकीला लाथा घालत होते, ती सुरू होईपर्यंत ते तसेच होते.

“हे लावतात कुठं?” त्यांनी शेवटी विचारले.

“हिवरखेडच्या स्टँडवर. उद्या सकाळी. मंडप तिथंच हाये.”

“मैनाच्या घरासमोर?”

मैनाबाई देवीदासची बायको. स्टँडला लागून तिचे घर होते. गावात लग्न निघाले की तिच्या दारावरून अक्षता पुढे जात. दसऱ्याला कोणी तिच्याकडे सोने द्यायला जात नसे. फुलांच्या गावात झेंडू जाळणाऱ्याचे ते घर होते.

“तिथंच मोठी जागा हाये,” सागर म्हणाला.

काकांनी मान हलवली. ती होकाराची की नुसती ऐकल्याची, हे सागरला कळले नाही.

तेवढ्यात किशोरची बोलेरो दुकानाला जवळजवळ चिकटून थांबली. मंडळाचा अध्यक्ष किशोर उतरला तो थेट काकांच्या पायाशी वाकला. मागच्या सीटवर प्रीतम होता, पोलीस भरतीची तयारी करणारा, केस बारीक कापलेला.

“काका, पुढं बसा. आज तुमी बसान तीच सीट पुढली!” किशोरने दार धरले. “सागऱ्या, बॅनर झाला का बे?”

“झालाच. फक्त छापणं बाकी हाये.”

“रात्री छापून ठेव. आमदाराच्या बॅनरले जेवढा वेळ लावत नाही, तेवढा लावून राहिला तू काकाले.”

काका दाराशी थांबले होते. किशोर हात दाखवत ‘बसा ना’ म्हणाला, तेव्हा ते बसले.

पूर्णेचा पूल मागे पडेपर्यंत किशोर एकटाच बोलत होता. सिनेमा त्याने दोनदा पाहिला होता. काका खिडकीच्या काचेवर तळहात ठेवून बाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना कपाशी होती, मधेच तुरीची ओळ, मधेच कोणाचे तरी पिवळे शेत. पिवळे आले की त्यांचा तळहात काचेवरून निघे, आणि ते मागे पडले की परत टेके. सागर मागून हे पाहत होता. काकांच्या मानेवरचे केस पांढरे झाले होते. लहानपणापासून ज्या खांद्यांची त्याने कल्पना केली, ते हे खांदे. ते इतके जवळ होते, की हात लांबवला तर लागले असते.

दुपारचा खेळ होता, तरी अकोल्याच्या थिएटरात पोरांची झुंबड होती. अंधार झाला आणि पहिला आवाज फुटला तेव्हा काकांनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली. मग पडदा उजळला, आणि तो उजेड त्यांच्या तोंडावर पडला, आणि सागरने सिनेमा पाहणे जवळपास सोडून दिले.

पडद्यावर मारेकरी एकेकाला शोधत होता. त्याची एक रीत होती. पिस्तूल रोखले की तो माणसाला त्याच्या नावाने हाक मारी, आणि त्या हाकेसरशी सिनेमा मागे जाई. त्या माणसाने कधी काय केले ते सगळे दिसे. कोणाचे घर पेटवले, काडी कोणत्या हाताने ओढली, खिडकीत कोण रडत होते. मग गोष्ट परत येई; माणूस गुडघ्यांवर बसून म्हणे, हो, मीच केले; आणि गोळी सुटे. अख्खे थिएटर उठून उभे राही. शिट्ट्या, आरोळ्या, कागदाचे कपटे. किशोर खुर्चीवर चढला होता.

काका उभे राहिले नाहीत, पण बसलेही नव्हते. ते सीटच्या अगदी कडेवर होते. सिनेमा मागे जायला लागला की ते आणखी पुढे झुकत, आणि ओठ हलत, जणू दाखवले जाईल ते सगळे पाठ करून ठेवायचे आहे. घर पेटवणाऱ्याचा हात मोठा होऊन पडदाभर झाला, नखाखालचा मळ दिसला, तेव्हा त्यांच्या तोंडून ‘अरे बाप्पा’ एवढे निघाले. त्या मोठ्या हाताचा नारिंगी उजेड त्यांच्या सुरकुत्यांत भरला होता. इतक्या भक्तीने पाहणारा माणूस सागरने देवळात पाहिला नव्हता. त्याला वाटले, काका स्वतःलाच पाहत आहेत. आणि त्याच वेळी, का ते न कळता, तिथून उठून जावेसे वाटले.

बाहेर उन्हाने डोळे दिपले. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर किशोरने चौघांचा चहा सांगितला. प्रीतम गप्प गप्प होता.

“आवडला नाही का तुले?” किशोरने त्याला डिवचले.

“आवडला ना. पण सिनेमातला भाऊ चूक हाये.”

“चूक? काहून?”

“असं कोणी उठून कोणाले मारलं तर कोर्ट कायले हाये मंग? खून तो खूनच. कलम लागते.”

“तू अजून भरती झाला नाही बे, आतापासूनच कलमं लावून राहिला! ज्याइले मारलं ते काय देवमाणसं होते? लेकरं जाळले त्याइनं. भाऊनं मारलं तर बेसच केलं.” किशोर काकांकडे वळला. “काका, तुमी सांगा. इथं तुमच्याएवढं या गोष्टीतलं कोणालेच समजत नाही. भाऊ बरोबर का चूक?”

सागरने कप खाली ठेवला. प्रीतमही बघू लागला. काकांनी चहा बशीत ओतला होता, तो निवेपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

“सिनेमा लय बेस हाये,” ते म्हणाले.

“ते झालं. बरोबर का चूक?”

“त्याचं काही चुकत नाही.”

“ऐकलं का बे?” किशोरने प्रीतमच्या पाठीत थाप मारली.

“काहून का, आपल्याले दाखवतात.” काका बशीतल्या चहाकडे पाहून बोलत होते. “कोण आलं, कोणाच्या घरात शिरलं, हातात काय होतं. मारणारा तवा तिथं नसते. पण आपण असतो. एवढं मोठं करून दाखवतात, नख दिसते. सगळं थेटर पाह्यते, का हो, यानंच केलं. मंग मारलं तर काय चुकलं?” त्यांनी मान वर केली. डोळ्यांत अजून पडद्याचा उजेड होता. “म्या असं कधी पाह्यलं नोतं. लय मोठी गोष्ट हाये पोट्टेहो. जे झालं ते असं परत पाह्याले भेटणं.”

“सिनेमाच हाये ना काका तो, दाखवतीनच!” किशोर हसला.

“हो. वावरात कोणी दाखवत नाही.”

टपरीवाल्याने रिकामे कप उचलले. काकांची बशी तशीच होती.

“आन ते सगळे कबूल होतात,” काका म्हणाले. “मरताना.”

“होतीन नाही तर! भाऊसमोर कोणाची हिंमत हाये?”

“आमचा नाही झाला.”

रस्त्यावरून एक रिक्षा त्याच सिनेमाचे गाणे वाजवत गेली.

“‘म्या नाही गेलतो तुह्या वावरात,’ म्हणे. तेच म्हणत राह्यला. दुसरं काही मागतलं नाही, पाणीही नाही.”

किशोरने मांडीवर हात आपटला. “म्हणजे किती पक्का हरामी असन! मरेपर्यंत पलटला नाही. उद्या स्टेजवर हे सांगाच काका. लोकं रडतीन.”

काकांनी बशी उचलून तोंडाला लावली आणि चहा न पिता खाली ठेवली. प्रीतम त्यांच्याकडे बघत होता; मग त्याने नजर काढून रस्त्याकडे वळवली. सागरने मात्र कोणाकडेच पाहिले नाही. याच्यापुढे काय येऊ शकते, हे त्याला नीट ठाऊक होते. म्हणूनच त्याने पैसे देण्यासाठी उठण्याची घाई केली.

परतीच्या वाटेत आईचा फोन आला. झेंडूवर अळी दिसली होती. ऊन उतरले की फवारा मारून घे, म्हणाली. काका म्हणाले, “मीही उतरतो वावरात.” घरी आल्यापासून ते मळ्यात गेले नव्हते.

किशोरने दोघांना हिवरखेडच्या अलीकडे शेतांकडे जाणाऱ्या पांदणीच्या तोंडाशी सोडले. मळ्यात जायला दोन वाटा होत्या. सागर हल्ली लांबच्या, नाल्याकाठच्या वाटेने जाई. काका जुन्या सवयीने सरळ भगवंताच्या वावरातून निघाले, आणि सागरला त्यांच्या मागे जावे लागले.

भगवंताच्या वावरात यंदा शेवंती होती. दोन वर्षांपूर्वी तिथे झेंडू होता, आणि तो एका रात्रीतून जळाला होता. गाव पाहायला लोटले, तसा सागरही आला होता. विहिरीजवळच्या पहिल्या ओळी तपकिरी दोऱ्यांसारख्या पिळवटलेल्या. त्यापुढच्या थोड्या कमी. त्यापुढच्या नुसत्या पिवळ्या. आणि पार तिकडच्या कडेला फुले अशी टवटवीत, की जणू ती दुसऱ्याच कोणाची. भगवंत कपाळावर हात मारून सांगत होता, धुऱ्यावरच्या गवताला तणनाशक मारले, आणि तोच पंप न धुता दुसऱ्या दिवशी झेंडूवर अळीचे औषध मारले. जसजसा पंप पुन्हा पुन्हा भरत गेला तसतसे आतले तणनाशक विरळ होत गेले, म्हणून शेवट वाचला. लोक हळहळले, थोडे हसले, पांगले. सागर मात्र तिथेच उभा राहिला होता. आजोबांच्या अंगावर टाकलेली फुले त्याला आठवली होती. ताजी, ओली, ओंजळी भरभरून. मळा तर जळाला होता, मग फुले कुठली, असे लहानपणी त्याने आईला विचारले होते, आणि आई म्हणाली होती, “आपलीच. तिकडच्या शेवटच्या ओळीतली.” त्या दिवशी भगवंताच्या वावरातून तो नाल्याकाठच्या वाटेने घरी गेला, आणि पुढे तीच वाट धरली. त्याने कोणाला काही सांगितले नाही. स्वतःलाही नाही. रात्री झोप येईना तेव्हा त्याने काकांची कथा पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली होती.

मळ्याच्या धुऱ्यावर काका थांबले.

ऊन कलले होते. झेंडू अगदी भरात होता, दसऱ्याला काढायचा तसा. ओळीमागून ओळ, पिवळी आणि भगवी, पार नाल्यापर्यंत. आणि तिरप्या उन्हाने प्रत्येक फुलाच्या आत दुसरे एक फूल पेटले होते. वारा आला की सगळा मळा एका बाजूने उजळत जाई. काका पाहत राहिले. ते कोणी ‘या’ म्हणण्याची वाट पाहत आहेत, हे सागरच्या उशिरा लक्षात आले.

“या भाऊजी,” माणिकबाई विहिरीजवळून म्हणाली. सागरची आई तिथे बसून खुडलेली फुले पोत्यावर पसरत होती. शेजारी फवारणीचा पंप, औषधाची बाटली आणि पाण्याची बादली तयार होती.

काका खाली आले. आधी ते पंपाजवळ गेले. उकिडवे बसून त्यांनी झाकण उघडले, आत नाक नेऊन वास घेतला, बोट घालून कडेने फिरवले, बोटाचा वास घेतला.

“आमच्याकडं तिथं शेती होती,” ते सागरला म्हणाले. “जेलची. वांगे, पालक, सगळं. पंप माह्याच हाती देत. तिथं पह्यल्याच दिवशी साहेबानं सांगतलं, दरवेळी धुवाचा, उलटा करून वाळवाचा. नाही तर पीक जळते.” त्यांनी झाकण हातात धरून ठेवले होते. “मले ते तिथं गेल्यावर समजलं.”

मग ते आईकडे वळले. “धुतला का हा?”

माणिकबाईचे हात फुलांत होते. तिने मान वर केली नाही.

“धुतला भाऊजी. तवापासून मीच धुते. कोणाले हात लावू देत नाही.”

वारा पडला होता. काका तिच्याकडे बघत होते आणि ती फुलांकडे. ती फुले निवडत नव्हती. एकच फूल उचलून परत तिथेच ठेवत होती. सागर दोघांच्या मध्ये, बादलीशेजारी उभा होता. इतकी वर्षे या घरात, या मळ्यात, प्रत्येक जण हे एकट्याने सांभाळत आला होता. दुसऱ्याला कळू नये म्हणून जपून, झाकून. त्याला रडू आले नाही. देवळाच्या गाभाऱ्यात अचानक दिवे लागावेत आणि आत किती जागा आहे ते दिसावे, तसे त्याला वाटले. आणि ज्यांच्या खांद्यांकडे तो जन्मभर मान वर करून पाहत आला, ते काका त्याच्यासमोर उकिडवे बसले होते, पंपाचे झाकण दोन्ही हातांत धरून. आज प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर समोरून ऊन पडले होते.

“मैनाकडं जावं म्हणतो,” काका म्हणाले. “आल्यापासून म्हणून राह्यलो. पाय उचलत नाही.”

“मीही येते,” माणिकबाई म्हणाली.

त्याच वेळी सागरच्या खिशात फोन वाजला. किशोर होता. मागे बांबू ठोकल्याचे आवाज, पोरांचा गलका.

“सागऱ्या, मंडप उभा झाला! स्टेज असं जबरदस्त दिसून राह्यलं, तू पाह्यच. बॅनर छापाले टाकला का?”

“नाही.”

“अजून नाही? मंग जा ना लवकर दुकानात.”

“छापत नाही मी तो.”

“काय बे, मजाक नको करू. सगळ्या गावाले सांगून बसलो. काहून नाही छापत?”

काकांनी मान वर केली. आईचे हात थांबले. बोलताना सागरची मान नेहमीसारखी खाली गेली नाही.

“देवीदास आमच्या वावरात आलाच नोता, किशोर,” तो म्हणाला. “काकानं तणनाशकाचा पंप न धुता झेंडूवर मारलता.”